पक्ष्यांचे डोळे तपासताना सुरुवात कुठून करावी

पक्ष्याला हातात धरण्यापूर्वी पिंजऱ्यातच त्याचे शांतपणे निरीक्षण करा, कारण तो दाणा अचूक टिपतो का आणि दोन्ही डोळे सारखेच उघडतो का, हे घाबरलेल्या पक्ष्यात नीट कळत नाही.

सुरुवातीच्या नेहमीच्या चुका:

- प्रकाश पडल्यावर बाहुली आकसण्याच्या प्रतिसादावर विसंबणे. पक्ष्यांच्या परितारिकेचे (बाहुलीभोवतीच्या रंगीत कड्याचे) स्नायू ऐच्छिक असल्याने तो प्रतिसाद फसवा असतो. ॲट्रोपिन या बाहुली विस्फारण्याच्या औषधानेही बाहुली विस्फारत नाही.
- डोळ्यातील काळ्या, निरोगी पेक्टेनला (डोळ्याच्या मागच्या भागातील रक्तवाहिन्यांच्या कंगव्यासारख्या घडीला) विकृती समजणे.
- फ्लुरोसिन या रंगद्रव्याने डोळ्यावरील व्रण तपासण्याआधीच स्टेरॉइडचे थेंब घालणे. हे मात्र कृपया कधीही करू नका.

धडकेने जखमी झालेल्या घारीचा डोळा बाहेरून निरोगी दिसला, तरी आतील रक्तस्रावासाठी ऑफ्थॅल्मोस्कोपने (डोळ्याच्या आत पाहण्याच्या उपकरणाने) पाहाच. ही नजर सरावाने निश्चित येते.