गृहपाठ नेमका कोणाचा?

या वेळी आलेल्या पत्रांपैकी पाच निवडली आहेत. पाचही पत्रं कष्टकरी घरांतल्या मुलांच्या शिक्षणाबद्दल आहेत. लिहिणाऱ्यांची नावं आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. मी स्वतः अशाच मुलांच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले. त्यामुळे ही उत्तरं तटस्थ नाहीत, हे आधीच सांगते.

प्रश्न : मी कपडे शिवायच्या कारखान्यात काम करते, नवरा मालाची चढ-उतार करतो. दोघंही आठवीपर्यंत शिकलो. मुलगी सहावीत आहे. बाई दर वेळी वहीत लिहितात, ‘घरी लक्ष द्यावे.’ मी रात्री आठला घरी पोचते. तोपर्यंत धाकट्याला तीच सांभाळते, पाणी तीच भरते. तिचं गणित मला येत नाही. पालकसभा दुपारी असते, गेले तर खाडा पडतो. आम्ही आईबाप म्हणून कमी पडतोय का? शिकवणीसाठी कर्ज काढू का?

ताई, दोन्ही प्रश्नांचं उत्तर ‘नाही’ असंच आहे.

‘घरी लक्ष द्यावे’ हा शेरा मीही अनेक वह्यांमध्ये वाचला आहे. हे तीन शब्द लिहिताना शाळेने एक घर गृहीत धरलेलं असतं. त्या घरात संध्याकाळी मोकळं असलेलं एक शिकलेलं माणूस असतं, बसायला कोपरा असतो, आणि मुलाच्या अंगावर दुसरं काम नसतं. तुमच्याकडे यातलं काही नाही. याचा अर्थ तुम्हाला मुलीची काळजी नाही असा होत नाही. ज्या गृहपाठाला शिकलेला मोठा माणूस लागतो, त्याचे निम्मे गुण आईबापांच्या शिक्षणालाच पडतात.

अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात १९८२ साली पहिलीत आलेल्या सुमारे ८०० मुलांचा संशोधकांनी वर्षानुवर्षं माग ठेवला. त्यांना असं दिसलं, की शाळा चालू असताना गरीब आणि सुखवस्तू घरांतली मुलं जवळपास सारख्याच वेगाने पुढे जातात, आणि सुट्टीत मात्र दोघांमधलं अंतर वाढतं. पुढे नव्या चाचण्यांचे आकडे तपासणाऱ्या अभ्यासकांना सुट्टीचा परिणाम इतका मोठा आढळला नाही. त्यांच्या मते अंतराचा बराचसा भाग मूल पहिलीच्या वर्गात पाऊल टाकण्याआधीच पडलेला असतो. सुट्टीबद्दलचा वाद चालू राहील. पण दोन्ही निष्कर्षांनुसार अंतर मुख्यतः वर्गाबाहेर तयार होतं. म्हणून वर्गातलं काम घरी ढकलणं हे तुमच्या मुलीच्या दृष्टीने सगळ्यात वाईट.

आता करायच्या गोष्टी. पहिल्यांदा तिचे डोळे तपासून घ्या. तुम्हाला हे विषयांतर वाटेल, पण फळ्यावरचं दिसत नसलेलं मूल ‘लक्ष देत नाही’ या नावाखाली वर्षानुवर्षं मागे पडत जातं, आणि ते स्वतः सांगत नाही, कारण सगळ्यांना असंच दिसतं असं त्याला वाटत असतं. चीनच्या ग्रामीण भागात मुलांना फुकट चष्मे देऊन पाहिलं, तर त्यांचे गुण वाढले. माझ्या वर्गातल्या ज्या मुलीला सगळे ‘ढ’ म्हणायचे, तिला पुढच्या बाकावर आणल्यावर ती फळ्यावरची उदाहरणं बरोबर उतरवून घेऊ लागली. तोवर ती शेजारणीची वही बघून अर्धवट आकडे उतरवत होती.

दुसरं, शाळेला नेमकं विचारा. ‘लक्ष द्या’ म्हणजे काय करू? कोणता धडा अडतो? भागाकार अडतोय की अपूर्णांक? सभेला जाता येत नसेल, तर कामावर जायच्या आधी पाच मिनिटं फोनवर बोलता येईल का, तेही विचारा. एकटीने विचारायला अवघड वाटलं, तर कारखान्यातल्या आणखी दोघी-तिघींना बरोबर घ्या. सभा एखाद्या वेळी सुट्टीच्या दिवशी ठेवा, ही मागणी चार आयांनी मिळून केली की मुख्याध्यापक ती सहसा उडवून लावत नाहीत.

तिसरं घरातलं आहे आणि तेच सगळ्यात कठीण. तिला रोज एक तास मोकळा मिळाला पाहिजे. त्या तासात पाणी नाही, धाकटा नाही. त्या वेळी धाकट्याला कोण बघेल, हे तुम्ही आणि तिच्या वडिलांनी बसून ठरवा. ते ठरवणं तिच्यावर टाकू नका. तुम्हाला गणित येण्याची गरज नाही. ‘आज बाईंनी काय शिकवलं ते मला सांग’ एवढंच म्हणा आणि ऐका. सांगता सांगता ती जिथे अडखळेल, तिथे वहीत खूण करायला लावा. ती खूण दुसऱ्या दिवशी बाईंना दाखवायची. अडलेलं सोडवणं हे बाईंचं काम.

कर्ज काढून शिकवणी लावू नका. गरज जादा मदतीची आहे, आणि ती शाळेच्या वेळेत, शाळेतच देता येते. या शतकाच्या सुरुवातीला मुंबई आणि वडोदऱ्यात ‘प्रथम’ संस्थेने सरकारी शाळांमध्ये बालसखी नेमल्या होत्या. वस्तीतलीच थोडी शिकलेली तरुण मुलगी तिसरी-चौथीतली मागे पडलेली पंधरा-वीस मुलं रोज सुमारे दोन तास वेगळी घेऊन बसायची आणि वाचन, बेरीज, वजाबाकी पक्की करून घ्यायची. त्याची काटेकोर तपासणी झाली. मुलांचे गुण वाढले, आणि सर्वांत मागे असलेल्यांचे सर्वांत जास्त वाढले. मदत थांबल्यावर वर्षभरात त्यातला बराच फायदा ओसरला, हेही त्याच तपासणीत दिसलं. म्हणजे मदत एका उन्हाळ्यापुरती नको, चालू राहणारी हवी. तुमच्या मुलीच्या शाळेकडे हेच मागा.

प्रश्न : मी शिक्षिका आहे. वर्गात काही मुलं सुशिक्षित घरांतली, बरीच मजुरांची. पहिली सतत हात वर करतात, दुसरी गप्प. ‘समजलं का?’ विचारलं तर माना हलवतात आणि चाचणीत कोरा कागद. त्यांना शिकायचंच नाही असं वाटू लागलं आहे.

तुमचा थकवा मला कळतो, पण तुमचा शेवटचा निष्कर्ष मला मान्य नाही.

जेसिका कालार्को या समाजशास्त्रज्ञ बाईंनी अमेरिकेतल्या एका प्राथमिक शाळेत, तिसरी ते पाचवीच्या वर्गांत, दीर्घकाळ बसून नेमकं हेच टिपलं. मध्यमवर्गीय मुलं मदत मागतात, नाही मिळाली तर पुन्हा मागतात, थेट बाईंच्या टेबलापाशी जाऊन उभी राहतात. कामगारांची मुलं गप्प बसून स्वतःच झगडतात. त्यांना घरी तसंच शिकवलेलं असतं : मोठ्यांना त्रास द्यायचा नाही, आपलं काम आपण करायचं. हे चांगलेच संस्कार आहेत. कामावर मुकादमाला उलट प्रश्न विचारला तर काय होतं, हे त्यांच्या आईबापांनी भोगलेलं असतं, आणि तेच शहाणपण ते मुलाला देतात. वर्गात मात्र त्या शहाणपणाची किंमत मुलाला मोजावी लागते, कारण बाईंचा वेळ मागणाऱ्याकडे जातो.

म्हणून मदत मागण्यावर सोडू नका. ‘समजलं का?’ हा प्रश्नच बंद करा, त्याला ‘हो’ सोडून दुसरं उत्तर मुलांना सुचत नाही. त्याऐवजी एक उदाहरण सगळ्यांना सोडवायला द्या आणि बाकांमधून फिरा. सुरुवात मागच्या बाकांपासून करा. तास संपताना प्रत्येकाने चिठ्ठीवर एक शंका लिहायची, नाव घालायचं नाही, असं मी करायचे. सुरुवातीला कोऱ्या चिठ्ठ्या आल्या. शंका लिहिणं हे सगळ्यांनाच नेमून दिलेलं काम आहे हे कळल्यावर चिठ्ठ्या भरून येऊ लागल्या, आणि त्यांत गप्प मुलांचं अक्षर मला ओळखू यायचं.

पत्रात पटसंख्येची तक्रारही आहे. ती रास्त आहे. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात १९८५ पासून लहान मुलांना चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे १३ ते १७ आणि २२ ते २५ मुलांच्या वर्गांत वाटून पाहिलं. लहान वर्गांचा फायदा सगळ्यांना झाला, गरीब मुलांना अधिक झाला. तुमच्या वर्गात याहून कितीतरी जास्त मुलं असताना एकेकाकडे पोचणं जड जातं, यात तुमचा दोष नाही. ती तक्रार वरपर्यंत लेखी करत राहा.

प्रश्न : मी हमालाचा मुलगा. रस्त्यावरच्या दिव्याखाली शिकलो, मुख्याध्यापकांनी परीक्षेची फी भरली, आज अधिकारी आहे. ज्याच्यात धमक आहे तो शिकतोच. परिस्थितीचं रडगाणं गाऊन आपण मुलांना दुबळं करतो आहोत, असं आपल्याला वाटत नाही का?

तुमच्या कष्टांबद्दल मला मनापासून आदर आहे. पण तुमच्याच पत्रातलं एक वाक्य पुन्हा वाचा : मुख्याध्यापकांनी परीक्षेची फी भरली. त्या वर्षी त्यांची बदली झाली असती तर? तुमची धमक तेवढीच राहिली असती, अर्ज मात्र भरला गेला नसता. तुमच्या वर्गात आणखी किती हमालांची, मोलकरणींची मुलं होती, त्यांतली किती शेवटपर्यंत पोचली? जी मधेच गळली त्या सगळ्यांत धमक नव्हती असं म्हणायला मी तयार नाही. मी त्यांना शिकवलं आहे. वर्गात सगळ्यात वेगाने तोंडी हिशेब करणारा माझा एक विद्यार्थी वडिलांचा हात यंत्रात सापडला त्या वर्षी कामाला लागला. सुखवस्तू घरातला मुलगा घरातल्या अशा संकटानंतर वर्षभर मागे पडतो आणि पुन्हा उभा राहतो. कष्टकऱ्याच्या मुलाला ते एक वर्ष मिळत नाही.

अमेरिकेत समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांच्या नेतृत्वाखाली सुमारे सहा लाख विद्यार्थ्यांची पाहणी झाली, तिचा अहवाल १९६६ साली आला. शाळाशाळांमधल्या इमारती, साहित्य, खर्च यांतल्या फरकांपेक्षा घरची परिस्थिती मुलांच्या गुणांतला फरक जास्त सांगते, असं तिच्यात निघालं. काहींनी त्यावरून शाळेने काही फरकच पडत नाही असा अर्थ काढला. मला तो चुकीचा वाटतो. घर इतकं ठरवत असेल, तर घराचा भार हलका करेल अशी शाळा बनवणं हेच आपलं काम ठरतं, आणि ते करता येतं. फिनलंडने ते केलं. तिथे पूर्वी अकराव्या वर्षी मुलांची दोन वाटांत विभागणी होई, एक उच्च शिक्षणाकडे जाणारी, दुसरी कामधंद्याकडे. १९७२ ते १९७७ या काळात, उत्तरेकडून सुरुवात करून, ती सोळाव्या वर्षापर्यंत पुढे ढकलली आणि तोवर सगळ्यांना एकाच शाळेत ठेवलं. त्या पिढीची मुलं मोठी झाल्यावर हिशेब मांडला, तेव्हा बापाच्या आणि मुलाच्या कमाईतला संबंध सुमारे पाव हिश्श्याने सैल झालेला दिसला. त्या देशातल्या मुलांची धमक पाच वर्षांत बदलली नव्हती. नियम बदलला होता.

आणि आपल्याकडे जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे, म्हणजे इंग्रज सरकारने नेमलेल्या शिक्षण आयोगापुढे, काय मांडलं होतं? सरकारचा महसूल मुख्यतः राबणाऱ्यांच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गांच्या पदरात पडतो. आधी प्राथमिक शिक्षण सर्वांपर्यंत न्या, असा त्यांचा आग्रह होता. याला रडगाणं म्हणता येणार नाही. हा कर भरणाऱ्याने मागितलेला हिशेब होता.

तुमच्यासारखी माणसं मुलांपुढे जरूर जावीत. फक्त गोष्ट पूर्ण सांगा, फी कोणी भरली त्यासकट. आणि जमलं तर यंदा कोणाची तरी फी तुम्ही भरा.

प्रश्न : मी दहावीत आहे. विज्ञानाला जायचं आहे. सर म्हणाले, ‘तुमच्या घरी झेपणार नाही, एखादं हातातलं काम शिक.’ काय करू?

बाळा, सरांना एकच प्रश्न शांतपणे विचार : ‘माझे गुण कमी आहेत म्हणून सांगताय, की माझं घर बघून?’ गुणांमुळे असेल तर कोणत्या विषयात किती कमी पडतात ते लिहून घे, त्यावर काम करता येतं. घर बघून सांगत असतील तर तो निर्णय त्यांचा नाही. हे फक्त तुझ्याबाबतीत होतं असं समजू नकोस. जर्मनीत बहुतेक राज्यांत चौथीनंतर, दहाव्या वर्षी, शाळेची वाट ठरते. तिथेही सारख्याच क्षमतेच्या मुलांपैकी कामगारांच्या मुलांना वरच्या, म्हणजे विद्यापीठाकडे नेणाऱ्या, शाळेची शिफारस कमी मिळते, असं पुन्हा पुन्हा आढळलं आहे. हाताचं कौशल्य कमी प्रतीचं नसतं. तुला ते मनापासून हवं असेल तर खुशाल घे, पण त्या अभ्यासक्रमातून पुढे पदवीकडे जाता येतं की नाही, ते आधी बघ. शिष्यवृत्तीच्या अर्जांच्या तारखा आणि लागणारे दाखले यांची यादी आजच कर. दाखले वेळ खातात आणि मुदत थांबत नाही.

प्रश्न : आम्ही काही तरुण वस्तीत अभ्यासिका सुरू करतोय. संगणक घ्यावेत की पुस्तकं?

आधी वेळ आणि माणूस. आईबाप कामावरून परत येईपर्यंत खोली उघडी राहिली पाहिजे, आणि तिथे अडलेलं गणित सांगणारं एक माणूस रोज, तेच, असलं पाहिजे. लहान भावंडांना आणायची मुभा द्या, नाहीतर मोठ्या मुली येणारच नाहीत. त्यांच्यासाठी कोपऱ्यात चटई आणि चित्रांची पुस्तकं ठेवा. दिवा चांगला लावा. मुली घरी कशा परततील ते पहिल्याच दिवशी ठरवा. पुस्तकं घरी न्यायला द्या, फाटली तरी चालेल. संगणकाचा विचार हे सगळं दोन-तीन महिने सुरळीत चाललं की करा.