कुलाब्याला खरंच रेल्वे स्टेशन होतं का? असलं तर गेलं कुठे?

हो, होतं, आणि साधंसुधं नव्हे. १९३० च्या अखेरीपर्यंत बीबीसीआय रेल्वेचं, म्हणजे आजच्या पश्चिम रेल्वेचं, मुंबईतलं शेवटचं स्टेशन चर्चगेट नसून कुलाबाच होतं. जुने नकाशे पाहिले की चटकन ध्यानात येतं: चर्चगेटपुढे रूळ ओव्हल मैदानाच्या पश्चिमेकडून, समुद्राच्या कडेकडेने दक्षिणेला जातात. तेव्हा मैदानापलीकडे इमारती नव्हत्या, पाणीच होतं. कुलाब्यात त्या काळी कापसाचा मोठा बाजार भरायचा, त्यामुळे मालवाहतुकीलाही ही जागा सोयीची. जानेवारी १९२८ मध्ये विजेवरची लोकल सुरू झाली ती कुलाबा ते बोरिवली. एवढा खर्च करून तीन वर्षांच्या आत तोच टोकाचा तुकडा उखडला, हे मला तरी अजब वाटतं! कारण बॅकबेची भरणी. समुद्र हटवून नवी जमीन तयार होत होती आणि हे रूळ नेमके मध्ये येत होते. म्हणून डिसेंबर १९३० मध्ये मुंबई सेंट्रल उघडून लांबच्या गाड्या तिकडे नेल्या, लोकल चर्चगेटला थांबवली आणि ३१ डिसेंबरला कुलाबा कायमचं बंद झालं. त्या जागेवर आज रेल्वे अधिकाऱ्यांची बधवार पार्क वसाहत आहे.

मात्र बॅलार्ड पिअरच्या मोल स्टेशनशी याची गल्लत करू नका. ते पूर्वेला, गोदीत होतं. बोटीने येणाऱ्या-जाणाऱ्या प्रवाशांसाठी.