पीआरपी देऊनही भरलेली चरबी विरली. क्लिनिकच्या ‘तक्रार नाही’ कागदावर सही करू का?

प्रश्न : अपघातानंतर माझ्या डाव्या गालावर खळगा राहिला होता. चौदा महिन्यांपूर्वी एका क्लिनिकमध्ये फॅट ग्राफ्टिंग केलं. पोटाची २० मिली चरबी काढून गालात भरली. ‘सोबत पीआरपी दिलं की ९० टक्के चरबी कायमची टिकते’ असा मेसेज क्लिनिकने आधी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला होता आणि पीआरपीचे, म्हणजे माझ्याच रक्तातून काढलेल्या, प्लेटलेट्स (रक्त गोठवणाऱ्या पेशी) जास्त असलेल्या प्लाझ्माचे, वेगळे पैसे घेतले. बिलात ‘पीआरपी ८ मिली’ आहे, पण माझं रक्त १० मिलीची एकच नळी घेतलं होतं. संमतीपत्रावर सही घेतली ती गुंगीची गोळी दिल्यानंतर, ऑपरेशन थिएटरच्या दारात. सहा महिन्यांत गाल पुन्हा बसला आणि आत एक टणक गाठ राहिली. मधल्या काळात माझं वजन ५ किलोने उतरलं आहे. रेकॉर्ड मागितलं तर ‘ते आमचं अंतर्गत असतं’ म्हणतात. ‘पुन्हा मोफत करून देतो, पण आधी माझी कोणतीही तक्रार नाही व पुढे राहणार नाही, या कागदावर सही करा’ असंही म्हणतात. काय करू?

उत्तर : त्या कागदावर सही करू नका. आज नाही, आणि दुसऱ्या शस्त्रक्रियेच्या दिवशी तर मुळीच नाही. अशा कागदाने तुमचा हक्क कायमचा संपतोच असं नाही. दबावाखाली किंवा माहिती लपवून घेतलेली संमती करार कायद्यानुसार रद्द करून घेता येते. पण ते सिद्ध करण्याचं ओझं तुमच्या डोक्यावर येतं आणि मूळ तक्रार बाजूला राहून वाद त्या कागदावरच रंगतो.

गाठीसाठी आधी दुसऱ्या एखाद्या प्लास्टिक सर्जनकडे जा आणि गालाची सोनोग्राफी करून घ्या. रक्तपुरवठा न मिळालेली चरबी मरते. तिथे तेलाची पुटी होते किंवा कालांतराने कॅल्शियम साचून ती जागा टणक लागते. बहुतेकदा हेच निघतं. मात्र गाल लाल, गरम झाला किंवा ताप आला तर थांबू नका. सोनोग्राफीचा अहवाल उपचारासाठी लागेलच, खटल्यातही तोच तुमचा पहिला तटस्थ पुरावा ठरेल.

आता तुमची बाजू कुठे कच्ची आहे ते स्पष्ट सांगतो, कारण बहुतेक तक्रारदार तिथेच जोर लावतात आणि हरतात. ‘भरलेली चरबी विरली, म्हणजे डॉक्टरांनी हलगर्जीपणा केला’ हा युक्तिवाद टिकणार नाही. भरलेल्या चरबीच्या कणाला पहिले काही दिवस भोवतालच्या ऊतींतून झिरपणाऱ्या द्रवावर तग धरावा लागतो, नव्या रक्तवाहिन्या नंतर येतात. कडेचा दीड-दोन मिलिमीटरचा थर जगतो, मोठ्या गोळ्याचा मध्यभाग मरतो. म्हणून चांगला सर्जन चरबी एकदम न ओतता बारीक कॅन्युलाने (बोथट टोकाच्या नळीने) अनेक बोगद्यांत थोडी थोडी सोडतो. एवढं करूनही किती टिकेल हे माणसागणिक बदलतं. वैद्यकीय लेखनात २० टक्क्यांपासून ८० टक्क्यांपर्यंतचे आकडे सापडतात. जेकब मॅथ्यू खटल्यात (२००५) सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की, अपेक्षित परिणाम आला नाही एवढ्यावरून निष्काळजीपणा सिद्ध होत नाही. त्या शाखेच्या सामान्य कुशल डॉक्टरने जेवढी काळजी घेतली असती तेवढी घेतली नाही, हे दाखवावं लागतं.

पण तुमची खरी तक्रार ही नाहीच. जे कोणीही ठामपणे सांगू शकत नाही ते तुम्हाला ९० टक्के म्हणून विकलं गेलं, आणि त्याचे वेगळे पैसे घेतले गेले. पीआरपीमागची कल्पना चुकीची नाही. प्लेटलेट्समधून रक्तवाहिन्या वाढायला मदत करणारे घटक सुटतात, त्यामुळे चरबी जास्त जगावी असं वाटतं. प्राण्यांवरच्या काही प्रयोगांत तसं दिसलंही आहे. माणसांवरचे निष्कर्ष मात्र एकमेकांशी जुळत नाहीत. चेहऱ्यावरच्या फॅट ग्राफ्टिंगच्या, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका दुहेरी-अंध चाचणीत (पीआरपी कोणाला दिलं हे रुग्णालाही ठाऊक नसतं आणि तपासणाऱ्यालाही) पीआरपीमुळे चरबी जास्त टिकली नाही, फक्त रुग्ण लवकर बरे झाले. म्हणजे ‘फायदा होऊ शकतो’ असं डॉक्टरांनी सांगितलं तर ते रास्त आहे. ‘९० टक्के, कायमची’ असं सांगणं मात्र ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दिशाभूल करणारी जाहिरात आणि अनुचित व्यापारी प्रथा यांत मोडतं. तक्रारीचा कणा हाच ठेवा.

दुसरा भक्कम मुद्दा तुमच्या बिलातच आहे, तो नीट बघा. बाईच्या १० मिली रक्तात निव्वळ प्लाझ्मा साधारण साडेपाच ते साडेसहा मिली निघतो. रक्त गोठू नये म्हणून नळीत असलेलं द्रव धरलं तरी ८ मिलीपर्यंत पोचणं कठीण. रक्त यंत्रात (सेंट्रिफ्यूज) दोनदा वेगाने फिरवून नीट काढलेलं पीआरपी एवढ्या रक्तातून एक ते दोन मिलीच मिळतं. शिवाय, दहा मिलीतल्या एकूण एक प्लेटलेट्स त्या आठ मिलीत आल्या असं मानलं, तरी त्यांचं प्रमाण मूळ रक्ताच्या सव्वापटच भरतं, आणि पीआरपीत ते तीन ते पाच पट असावं अशी अपेक्षा असते. तेव्हा एक तर बिलातला आकडा चुकीचा आहे, किंवा गालात गेलं ते पीआरपी म्हणण्याजोगं नव्हतं, किंवा रक्त तुमच्या आठवणीपेक्षा जास्त घेतलं होतं. यांतलं कोणतं खरं, ते फक्त रेकॉर्ड सांगेल.

म्हणून रेकॉर्ड लेखी मागा, फोनवर नको. नुसतं ‘केस पेपर द्या’ असं न लिहिता नेमकं मागा. शस्त्रक्रियेची नोंद, त्यात चरबी कुठून, किती मिली घेतली, कशी स्वच्छ केली आणि किती भरली. पीआरपीची नोंद, त्यात किती रक्त घेतलं, कोणतं किट वापरलं, किती वेळा आणि किती मिनिटं फिरवलं, किती मिली निघालं, आधीचा व नंतरचा प्लेटलेट काउंट आणि चरबीत कोणत्या प्रमाणात मिसळलं. संमतीपत्र, आधीचे आणि नंतरचे फोटो, इंजेक्शन देणाऱ्याचं नाव व वैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक. किटच्या पाकिटावर लॉट नंबर आणि मुदतीची तारीख छापलेलं स्टिकर असतं, ते केस पेपरवर चिकटवायची पद्धत आहे. त्या स्टिकरची प्रत आवर्जून मागा. स्टिकर नसेल तर किट खरेदीचं बिल मागा.

भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहिता नियमांतल्या नियम १.३ नुसार रुग्णाने मागितल्यापासून ७२ तासांत कागदपत्रं द्यावी लागतात आणि ती ३ वर्षं जपावी लागतात. यात एक खोच आहे. जपण्याचा नियम ‘दाखल रुग्णा’बद्दल बोलतो, आणि तुमची शस्त्रक्रिया त्याच दिवशी घरी सोडणारी असेल तर क्लिनिक ती पळवाट शोधेल. त्याला उत्तर ग्राहक कायद्याच्या कलम २(११) मध्ये आहे : ग्राहकापासून संबंधित माहिती जाणूनबुजून दडवणं हीसुद्धा सेवेतील त्रुटीच. तुमच्या लेखी मागणीला उत्तर आलं नाही तर तेवढ्यावरच एक स्वतंत्र मुद्दा तयार होतो, आणि पुढे ग्राहक आयोग स्वतः कागद हजर करायला लावू शकतो.

संमतीपत्राबद्दल समीरा कोहली खटल्याचा निकाल (२००८) तुमच्या बाजूने आहे. उपचार काय आहे, त्याचा फायदा किती, पर्याय कोणते आणि ठळक धोके कोणते, हे रुग्णाला निर्णय घेता येईल इतपत सांगूनच संमती घ्यावी लागते. गुंगीची गोळी दिल्यावर थिएटरच्या दारात घेतलेली सही या कसोटीवर उभी राहणं अवघड आहे. गोळी किती वाजता दिली हे परिचारिकेच्या नोंदीत असेल, संमतीपत्रावर वेळ लिहिलेली असेल. या दोन वेळा समोरासमोर ठेवा. संमतीपत्रात पीआरपीचा उल्लेख तरी आहे का, हेही पाहा.

वजनाचं लपवू नका. भरलेली चरबी अंगातल्या चरबीसारखीच वागते, वजन उतरलं की तीही आक्रसते, आणि सामनेवाले (ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे ते) हा मुद्दा पहिल्याच जबाबात घेतील. तुम्ही स्वतःच तारखांसह सांगितलंत तर त्यातली हवा निघून जाते. आधी गाल बसला आणि नंतर वजन उतरलं असेल, तर तो मुद्दा तुमच्याच बाजूला येतो. मोबाइलमधले जुने फोटो तारखेनुसार लावून बघा.

व्हॉट्सअ‍ॅपचा मेसेज ज्या फोनवर आला तो फोन विकू नका, रीसेट करू नका. स्क्रीनशॉटमध्ये नंबर, तारीख आणि मागचापुढचा संवाद दिसायला हवा. सोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसारचं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं प्रमाणपत्र जोडा.

तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात होते. क्लिनिकला दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर प्रकरण तिथेच चालतं, आणि ती ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. इथे दिलेली रक्कम मोजतात, मागितलेली भरपाई नव्हे. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दाखल करता येते, क्लिनिकच्या गावी जाण्याची गरज नाही. वकील सक्तीचा नाही. क्लिनिक आणि डॉक्टर, दोघांनाही सामनेवाले करा. मागणी मोजकी ठेवा : पीआरपीचे पूर्ण पैसे परत, शस्त्रक्रियेच्या खर्चाचा वाजवी भाग, गाठीच्या उपचाराचा खर्च, मानसिक त्रासाची भरपाई. तज्ज्ञाचं मत प्रत्येक प्रकरणात सक्तीचं नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने व्ही. किशन राव खटल्यात (२०१०) म्हटलं आहे. जाहिरात, बिल आणि संमती या तीन मुद्द्यांना ते लागणारही नाही. चरबी भरण्याच्या तंत्रावर बोट ठेवायचं असेल तर मात्र सर्जनचं लेखी मत घ्याच. पोलिसांत जाण्याचा सल्ला मी देणार नाही. फौजदारी गुन्ह्याला घोर निष्काळजीपणा लागतो, तो इथे दिसत नाही. राज्य वैद्यक परिषदेकडे जाहिरातीबद्दल आणि रेकॉर्ड न दिल्याबद्दल स्वतंत्र तक्रार करता येते, पण तिथून पैसे मिळत नाहीत.

त्याच डॉक्टरांकडून दुसरी शस्त्रक्रिया करून घ्यायचीच असेल, तर आधी लेखी कळवा : ‘हा उपचार मी माझे सर्व कायदेशीर हक्क राखून घेत आहे.’ त्यांना हे चालत नसेल तर दुसरा सर्जन गाठा आणि तो खर्च भरपाईत मागा.

तक्रार दाखल करण्याची मुदत दोन वर्षांची आहे, ग्राहक कायद्याचं कलम ६९. गाल सहा महिन्यांनी बसला म्हणून मुदत तिथून मोजावी असा युक्तिवाद करता येतो, पण त्याच्या भरवशावर राहू नका. शस्त्रक्रियेच्या तारखेपासूनच मोजा, म्हणजे हातात दहा महिने आहेत. रेकॉर्डची मागणी या आठवड्यात स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोहोच जपून ठेवा. उत्तर येवो न येवो, त्यानंतर पंधरा दिवसांची नोटीस द्या. नोटीस कायद्याने बंधनकारक नाही, पण तिच्या उत्तरात सामनेवाले बरंच काही कबूल करून बसतात. सोळाव्या दिवशी तक्रार दाखल करा.