बागेतले प्रश्न: स्ट्रॉबेरीची जात कुठली घेऊ?

प्रश्न (कोथरूड, पुणे): गच्चीवर आठ-दहा कुंड्या रिकाम्या आहेत, ऊन भरपूर. वाईकडच्या एका नर्सरीची यादी व्हॉट्सअॅपवर आलीय, त्यात स्वीट चार्ली, विंटर डॉन, कॅमारोजा, नाभिला, आर वन आणि अल्बियन. अल्बियनचा भाव बाकीच्यांच्या दुप्पट आहे कारण ती म्हणे बारमाही. नेमकी कुठली घेऊ? आणि जास्त पैसे देऊन अल्बियन घेण्यात अर्थ आहे का?

उत्तर: स्वीट चार्ली घ्या, आणि अल्बियनचे वाचलेले पैसे चांगल्या कोकोपीटवर आणि गांडूळखतावर घाला.

आता कारण सांगतो. महाबळेश्वर-पाचगणीकडचा शेतकरी जात ठरवतो तेव्हा त्याच्या डोक्यात पहिला हिशोब वाहतुकीचा असतो. पहाटे तोडलेलं फळ डबीत भरून घाट उतरून वाशीला जाणार, तिथून कुठे कुठे जाणार, आणि दोन दिवसांनी गिऱ्हाईकाने डबी उचलली तरी खालची फळं दबलेली नकोत. म्हणून कडक फळाच्या जाती. कॅमारोजा ही कॅलिफोर्नियाची जात जगभर पसरली ती मुख्यतः याच गुणावर, फळ मोठं, टणक, लांबच्या प्रवासाला पक्कं. वाईट आहे असं नाही पण तुमचं फळ गच्चीवरून स्वयंपाकघरापर्यंत जाणार, तुम्हाला टणकपणा कशाला हवाय? घरच्या बागेत नेमकी ती जात लावावी जी बाजारात नीट पोचत नाही. स्वीट चार्ली फ्लोरिडा विद्यापीठाने नव्वदच्या दशकात काढलेली, आंबटपणा कमी, गोडी चांगली, फळ जरा मऊ, आणि मुख्य म्हणजे लवकर फळायला लागते.

या लवकरपणाला पुण्यात फार किंमत आहे. आपल्याकडे खरी थंडी किती, नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारी अर्धा होईपर्यंत, बस. मार्च लागला की फुलं कमी होतात, फळ बारीक पडतं. ज्या जातीचा भर उशिरा येतो तिचा भर यायला आणि पुण्याचा उन्हाळा सुरू व्हायला एकच गाठ पडते. लवकर येणाऱ्यांत विंटर डॉनही आहे, तीही फ्लोरिडाचीच. दोन कुंड्यांत ती लावून बघा, चवीत फरक कळेल.

बारमाहीचं काय ते पण बघू. स्ट्रॉबेरीच्या बऱ्याच जाती दिवस लहान झाला की फुलायला घेतात, साधारण चौदा तासांच्या खाली दिवस आला की. अल्बियनसारख्या जातींना दिवसाच्या लांबीशी देणंघेणं नसतं, म्हणून इंग्लंडात किंवा अमेरिकेच्या उत्तर भागात, जिथे जूनमध्ये दिवस पंधरा-सोळा तासांचा असतो, तिथे त्या उन्हाळाभर फळतात आणि तिथे त्यांना जादा पैसे देणं बरोबरच आहे. पण पुण्यात वर्षातला सगळ्यात मोठा दिवसच जेमतेम सव्वातेरा तासांचा! म्हणजे दिवसाची लांबी आपल्याकडे स्ट्रॉबेरीला कधी अडवतच नाही, अडवते ती उष्णता आणि मग पाऊस, आणि त्या दोघांपुढे अल्बियनसुद्धा हात टेकते. एप्रिलमध्ये कोथरूडच्या गच्चीवर बारमाही जात फळेल असं कुणी सांगत असेल तर त्याला रोपं विकायचीयत एवढंच समजा. चवीला अल्बियन छान असते हां, त्यासाठी घ्यायची तर जरूर घ्या.

नाभिला आणि आर वन महाबळेश्वरकडे भरपूर लावतात, मिळाली तर लावायला हरकत नाही. पण जातीच्या नावाइतकंच रोप कसं आहे ते बघा. पानं जिथून फुटतात तो मधला गड्डा, त्याला क्राऊन म्हणतात, तो टणक आणि करंगळीएवढा तरी जाड हवा, दाबला तर मऊ लागता कामा नये. एक रोप उलटं करून मुळं बघा, फिकट असली तर ताजी, काळी पडलेली असली तर परत द्या. लावताना क्राऊन अर्धा मातीत आणि अर्धा वर राहिला पाहिजे, पूर्ण गाडला की कुजतो आणि मग लोक म्हणतात जात खराब निघाली. लागवड ऑक्टोबरची हीट उतरायला लागली की करा, आठ-दहा इंची कुंडीत एकच रोप. आणि स्वीट चार्लीचा रंग थोडा केशरीकडे जातो, त्यामुळे गडद लाल व्हायची वाट बघत बसू नका, देठाच्या टोपीखालचा पांढरा भाग गेला की तोडा. बुलबुल तुमच्या आधी येतील, जाळी आणून ठेवा.

प्रश्न (ठाणे): अठराव्या मजल्यावर बाल्कनीत स्ट्रॉबेरी आहे, फुलं येतात पण फळं वाकडीतिकडी, एका बाजूला फुगलेली आणि टोकाला चिमटलेली. जात बदलू का?

उत्तर: थांबा, आधी ब्रश घ्या. स्ट्रॉबेरीच्या अंगावर जे पिवळे दाणे दिसतात ना, खरं फळ म्हणजे तो एकेक दाणा, आणि आपण खातो तो लाल गर म्हणजे फुलाचा फुगलेला बुडखा. ज्या दाण्याचं परागीकरण झालं त्याच्याभोवतीचा गर फुगतो, ज्याचं राहिलं तिथे खड्डा पडतो. अठराव्या मजल्यावर मधमाशी क्वचितच येणार, त्यात बाल्कनी बंदिस्त असेल तर वाराही नाही. मुलांचा रंगवायचा मऊ ब्रश घेऊन फूल पूर्ण उघडलं की सकाळी दहा-अकराच्या सुमारास मधल्या पिवळ्या भागावर गोल गोल फिरवा, दोन-तीन दिवस रोज. चिमटलेलं एखादं फळ हातात घेऊन नीट बघा, चिमटलेल्या भागात दाणे अगदी बारीक आणि एकमेकांना चिकटून दिसतील, फुगलेल्या भागात मोठे आणि लांब लांब. तसं दिसलं तर जातीचा काही दोष नाही. ब्रश फिरवूनही तसंच राहिलं तर पुढच्या वेळी पानांच्या मागे कीड आहे का ते लिहून पाठवा.

प्रश्न (नागपूर): ऑनलाइन निळ्या स्ट्रॉबेरीचं बी स्वस्तात मिळतंय. मागवू?

उत्तर: नको. निळी स्ट्रॉबेरी नसते, तो फोटो कॉम्प्युटरवर रंगवलेला आहे. लाल स्ट्रॉबेरीचं बी सुद्धा नको कारण बियाण्यातून मूळ जात तशीच उतरत नाही आणि उगवायलाच आठवडे लागतात. नागपूरलाही थंडी चांगली पडते, चांगली रोपं मागवून हिवाळ्यापुरती लावा.

प्रश्न (एडिसन, न्यू जर्सी): परसात चार बाय आठ फुटांचा वाफा आहे, गेली दोन वर्षं त्यात टोमॅटो आणि वांगी होती. मुलांसाठी स्ट्रॉबेरी लावायचीय. इकडे जूनवाल्या आणि सीझनभर येणाऱ्या असे दोन प्रकार सांगतात.

उत्तर: पहिलं म्हणजे वाफा बदला. टोमॅटो, वांगी, बटाटा, मिरची यांच्या जागी मर रोगाची बुरशी मातीत राहते आणि स्ट्रॉबेरीला तीच लागते. जागाच नसेल तर नवीन माती भरून उंच वाफा करा.

जातीचं म्हणाल तर वर पुणेकरांना जे सांगितलं त्याच्या उलट तुमच्याकडे. तुमचा उन्हाळा लांब दिवसांचा, तिथे अल्बियन किंवा सीस्केप खरंच जूनपासून थंडी पडेपर्यंत थोडी थोडी देते, फक्त जुलैच्या कडक उन्हात विश्रांती घेते. मुलं रोज वाफ्यात डोकावणार असतील तर हीच लावा. पण चव हवी असेल तर अर्लीग्लो, फळ लहान पण वास घरभर. ती जूनवाली, तीन आठवड्यांत सगळी येऊन संपते. एक अट आहे, जूनवालीची पहिल्या वर्षीची फुलं खुडावी लागतात म्हणजे रोप बळकट होतं, आणि मुलांना हे समजावणं तुमचं काम! म्हणून निम्म्या वाफ्यात एक आणि निम्म्यात दुसरी करा. एप्रिलमध्ये रोपं मिळतात, मुळं उघडी, माती नसलेली येतात, घाबरू नका, तासभर पाण्यात ठेवून लावा. डिसेंबरात जमीन गोठायला लागली की वर गवताचा चांगला थर टाका आणि मार्चअखेर नवी पानं दिसली की तो काढून घ्या.