आयसीयूतून आल्यापासून मला वेड लागतंय का?

कोविडमध्ये व्हेंटिलेटरवर राहून आलेली माणसं हा प्रश्न विचारतात, पण लगेच नाही, आधी दम लागतो, झोप येत नाही असं सगळं सांगून होतं.

पन्नाशीचे एक गृहस्थ होते (ओळख पटेल असे तपशील बदललेत). रात्री सारखं ऑक्सिमीटर बोटाला लावून बसायचे, 96 दिसलं तरी थोड्या वेळाने परत, म्हणून बायको माझ्याकडे समुपदेशनाला घेऊन आली. ती बाहेर गेल्यावर हळूच म्हणाले, तिथे पीपीई किट घातलेल्या लोकांनी मला बांधून ठेवलं होतं, मारणार होते, आणि हे मला अजून खरंच वाटतं. घरी कोणाला बोलले नव्हते.

याला डिलिरियम म्हणतात. इन्फेक्शन, ऑक्सिजन कमी पडणं, झोपेची औषधं, दिवस-रात्र न कळणं यामुळे मेंदू गोंधळतो, त्यात कोविडमध्ये चेहरे झाकलेले आणि जवळ आपलं माणूस नाही. हे वेड नाही, पण त्या आठवणी आणि वाईट स्वप्नं पुढे कित्येक महिने छळू शकतात.

मग बायकोला म्हटलं, फाईल आणि तेव्हाचे मेसेज बघून कोणत्या दिवशी काय झालं ते लिहून काढा. (काही आयसीयूंमध्ये नर्सच अशी डायरी ठेवतात, फार छान पद्धत आहे.) त्यात निघालं की नळी ओढून काढू नये म्हणून हात खरंच बांधलेले. ती ओळ त्यांनी परत परत वाचली. म्हणजे बांधलेलं खरं आणि मारणार होते हे डोक्याने जोडलेलं, एवढा फरक कळल्यावर जरा सैल झाले.

ऑक्सिमीटरच्या वेळा डॉक्टरांना विचारून ठरवल्या. दम लागला की टेबलावर पुढे वाकून, ओठ चंबू करून सावकाश श्वास सोडायचा. आणि बरं वाटतंय म्हणून एकाच दिवशी सगळी कामं काढायची नाहीत कारण त्याचा थकवा कधीकधी एक-दोन दिवसांनी येतो आणि मग घरचे म्हणतात काल तर ठणठणीत होतास!

छातीत दुखलं किंवा बसल्या जागी दम लागला तर मात्र समुपदेशकाकडे नाही, तडक डॉक्टरकडे जा. स्वप्नं आणि भीती महिन्याभरानंतरही तशीच असेल तर मानसोपचारतज्ज्ञ गाठा, गोळी दिली तर घ्या, फुप्फुसांसाठी घेतलीच होती की.