वाचक विचारतात : होडीत पाणी येतं कुठून?

प्रश्न : आमची बारा फुटी फायबरची होडी पानशेतच्या जलाशयात असते. दोघंच बसलो तर तळ जवळपास कोरडा. चौघं बसलो की दोन तासांत बादलीभर पाणी. रिकामी होडी रात्रभर बांधून ठेवली तर थेंबही नाही. तळातल्या सगळ्या चिरांना आतून एम-सील लावलं, काही फरक नाही.
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : निम्मं उत्तर तुमच्या पत्रातच आहे. तळ किंवा बूच गळत असतं, तर रिकाम्या होडीतही रात्रीतून पाणी भरलं असतं. भोक आहे ते वजन वाढल्यावर पाण्याखाली जाणाऱ्या पट्ट्यात. तिथे पहिला संशय मागच्या उभ्या भिंतीचा घ्या : मोटरीच्या ब्रॅकेटचे बोल्ट आणि दोराच्या कडीचे स्क्रू.

चौघं बसल्यावर पाणी कुठवर चढतं, तिथे बाहेरून मार्करने रेघ मारा. मग होडी काठावर घ्या, जुन्या टायरांवर ठेवा आणि नाक उंच करा, म्हणजे पाणी मागच्या भिंतीशीच साठेल. होडी सपाट ठेवून रेघेपर्यंत भरू नका. तिला बाहेरून पाण्याचा आधार नसतो आणि शेकडो किलोंचा भार टेकूच्या जागी येऊन तळ तडकतो. भिंत बाहेरून पूर्ण कोरडी करून तिच्यावर टाल्कम पावडर फासा. आत नीळ घातलेलं पाणी दोन-दोन इंच चढवा आणि दर वेळी पंधरा-वीस मिनिटं थांबा. पांढऱ्या पावडरीवर निळा ओघळ जिथून सुरू होईल ते भोक. खाली थेंब कुठे पडतो ते पाहू नका. पाणी भिंतीवरून हातभर सरकून टपकतं.

बोल्ट निघाला की भोकात बारीक स्क्रूड्रायव्हर घालून पाहा. बहुतेक होड्यांच्या या भिंतीत फायबरच्या दोन थरांमध्ये प्लायवूड असतं. काळा ओला भुसा निघाला किंवा ठोकल्यावर बद्द आवाज आला, तर प्लाय कुजलंय आणि काम मोठं आहे. नुसतं भोक बुजवून भागणार नाही. लाकूड टणक असेल तर ते उन्हात पूर्ण वाळू द्या. मग 8 मिमी बोल्टसाठी भोक 12 मिमी करा, घट्ट इपॉक्सीने (दोन भाग मिसळल्यावर कडक होणारं रेझीन) भरा आणि दुसऱ्या दिवशी मधोमध पुन्हा 8 मिमी पाडा. आता बोल्टभोवती सगळीकडे इपॉक्सी राहतं, प्लायला पाणी लागत नाही.

सीलंट पॉलियुरेथेनचं घ्या. सिलिकॉन नको, त्याचा अंश राहिला की पुढे त्या जागी रंग किंवा रेझीन धरत नाही. स्टेनलेसचे बोल्ट आणि रुंद वॉशर पुण्याच्या बोहरी आळीत मिळतील. बोल्ट सीलंट कडेने बाहेर येईपर्यंतच आवळा. पहिल्याच दमात करकचून आवळला तर सगळं सीलंट बाहेर पडतं आणि गळती कायम राहते. ते सुकल्यावर बोल्टचं डोकं धरून फक्त नट पाव फेरा फिरवा.

एम-सील खरवडून टाका. ते कडक असतं, फायबर लवतं, त्यामुळे कडा सुटतात. शिवाय आतून लावलेल्या लेपाला पाणी मागून ढकलत असतं.

प्रश्न : तळाला वीतभर आरपार चीर आहे. पॉलिएस्टर रेझीन वापरावं की इपॉक्सी?
– एक वाचक, पाषाण

उत्तर : इपॉक्सी. जुन्या फायबरला ते जास्त घट्ट धरतं. चिरेच्या दोन्ही बाजू जाडीच्या बारा पट उतरत्या घासा, म्हणजे 3 मिमी जाडीला प्रत्येक बाजूला 36 मिमी. ॲसिटोनने पुसा आणि विणलेल्या काचकापडाचे थर द्या. चटईसारखं चॉप्ड मॅट इपॉक्सीसोबत नको. त्याचे धागे बांधून ठेवणारा चिकटा पॉलिएस्टरमधल्या स्टायरीनने विरघळतो, इपॉक्सीत तसाच ताठ राहतो. वर जेलकोटऐवजी (होडीचा बाहेरचा चकचकीत रेझीनचा थर) दोन भागांचा पॉलियुरेथेन रंग द्या.

पॉलिएस्टरच वापरणार असाल तर एक गोष्ट जिवाची आहे. दुकानातून रेझीनबरोबर कोबाल्ट (रेझीन लवकर आळावं म्हणून) आणि हार्डनर अशा दोन वेगळ्या बाटल्या मिळतात. ती दोन्ही एकमेकांत थेट कधीच मिसळू नका, भडका उडतो. आधी कोबाल्ट रेझीनमध्ये पूर्ण ढवळा, मगच हार्डनर घाला : 100 ग्रॅमला 1 ते 2 मिली, मे महिन्यात 1 मिली.