मन कोरडं पडलेलं असताना शास्त्र कसं वाचावं?

तुम्ही निपाणीहून लिहिलंय की दोन वर्षं रोज पहाटे उठून तक्त्याप्रमाणे बायबल वाचताय. एकदा संपूर्ण वाचून झालं, दुसरं वाचन अर्ध्यावर आलं, तरी आत काही हलत नाही. "शास्त्रातून आत्मिक नवजीवन मिळतं असं सगळे सांगतात, पण ते मिळतं कसं?" असं तुम्ही विचारलंय. मी पाळक नाही, ईश्वरविज्ञानही शिकलेले नाही. बेळगावात राहते, माहेर खानापूरचं. अठरा वर्षं संडेस्कूल घेतलं आणि त्यातल्या शेवटच्या काही वर्षांत माझीही तुमच्यासारखीच गत झाली होती, म्हणून लिहितेय.

माझ्या बाबतीत वाचन थांबलं नव्हतं, आणि म्हणूनच ते कुणाच्या लक्षात आलं नाही. शनिवारी रात्री धडा तयार करायचा, सुवचन फळ्यावर लिहायचं, मुलांकडून पाठ करून घ्यायचं. कुठलंही वचन समोर आलं की डोक्यात पहिला विचार यायचा, हे मुलांना कसं सांगू? ते मला काही सांगतंय का, हे विचारायचं राहूनच जायचं. त्यात आई गेली. दीड वर्ष अंथरुणाला खिळून होती. तिच्या मातीला मंडळीतल्या सगळ्यांनी मला वचनं ऐकवली. मला ती सगळी पाठ होती आणि एकही आत उतरलं नाही.

दुसऱ्या राजे या पुस्तकाच्या २२व्या अध्यायातली योशीया राजाची गोष्ट तुमच्या वाचनात आली असेलच. त्याच्या कारकिर्दीच्या अठराव्या वर्षी मंदिराची डागडुजी चालू असते, आणि मुख्य याजक हिल्कीया याला नियमशास्त्राचं पुस्तक सापडतं. ही गोष्ट मी मुलांना कितीदा सांगितली असेन. पण आई गेल्यानंतरच्या त्या पावसाळ्यात मला पहिल्यांदा जाणवलं की ते पुस्तक हरवलं होतं ते मंदिरातच. रोज धूप जळत होता, अर्पणं येत होती, याजकांच्या पाळ्या लागत होत्या, आणि त्याच भिंतींच्या आत शास्त्र हरवलेलं. परक्या देशात नाही, शत्रूच्या हाती नाही. पुढे काय होतं तेही पाहा. शाफान चिटणीस ते पुस्तक राजापुढे वाचून दाखवतो आणि ती वचनं ऐकताच राजा आपली वस्त्रं फाडतो. राजानं ते स्वतः वाचलेलं नाही, ऐकलं आहे. हा ऐकण्याचा मुद्दा तेव्हा माझ्या ध्यानात आला नव्हता. तो एका अज्जींनी शिकवला.

आमच्या आळीत एक कानडी अज्जी राहायच्या. मराठी छान कळायचं, बोलायच्या मात्र अर्धं कानडी, अर्धं मराठी, आपल्या इकडे बोलतात तसं. मोतीबिंदूनं दोन्ही डोळे गेल्यातच जमा होते. त्यांच्या सुनेनं मला विचारलं, "बाई, संध्याकाळी दहा मिनिटं येऊन वाचून दाखवाल का?" मला कानडी अक्षरं लागतात, पण वाचन अडखळत होतं. म्हणून माझं मराठी शास्त्र घेऊनच गेले. पहिल्या दिवशी सवयीनं सपासप एक अध्याय संपवला. अज्जी म्हणाल्या, "एवढं कुठं पळतेस ग? परत म्हण." दुसऱ्यांदा वाचलं. तिसऱ्या ओळीला त्यांनी हात वर केला, "थांब." आणि त्या तीच ओळ ओठांतल्या ओठांत घोळवत बसल्या. मी नुसती बसून राहिले. बाहेर पाऊस, आत अज्जींचं पुटपुटणं. त्या संध्याकाळी आमच्या पाच ओळी झाल्या असतील.

पुढे एकदा आमच्या पाळकांशी बोलताना कळलं की पहिल्या स्तोत्रात धन्य पुरुष रात्रंदिवस नियमशास्त्राचं मनन करतो असं जे म्हटलंय, तिथला मूळ हिब्रू शब्द 'हागा' आहे. त्याचा अर्थ हळू आवाजात गुणगुणणं, घुमणं. यशयाच्या पुस्तकात शिकारीवर गुरगुरणाऱ्या सिंहासाठी आणि घुमणाऱ्या पारव्यासाठीही हाच शब्द येतो. आपण 'मनन' म्हटलं की डोळे मिटून गप्प बसलेला माणूस डोळ्यांपुढे येतो. मूळ शब्दात मात्र तोंड आहे, ओठ आहेत, आवाज आहे. मला लगेच अज्जींचे ओठ आठवले.

आणि मग तेविसावं स्तोत्र. मी वाचलं, "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे." अज्जींनी मला पुढे वाचूच दिलं नाही. लहानपणी पाठ केलेलं कानडी म्हणाल्या: "यहोवनु ननगे कुरुबनु, कोरतेपडेनु." मी थबकले. कुरुबनु! कुरुब म्हणजे आपल्याकडचा धनगर. मेंढपाळ हा शब्द मी चाळीस वर्षं उच्चारत होते, आणि माझ्यासाठी तो संडेस्कूलच्या रंगीत चित्रात राहत होता, पांढऱ्या झग्यात, खांद्यावर कोकरू घेऊन. कुरुब मात्र मी दर वर्षी पाहते. तुम्हीही निपाणीकडे पाहत असालच. भाताची कापणी झाली की कळप घेऊन उतरतात, खतासाठी शेतकरी त्यांची मेंढरं रानात बसवून घेतात. खांद्यावर काळी कंबळी, हातात लांब काठी. रात्री थंडीत कळपाच्या कडेला उघड्यावर झोपतात. वाटेत व्यालेल्या मेंढीचं कोकरू काखेत घेऊन चालतात. "तुझी आकडी व तुझी काठी मला धीर देतात" या ओळीतली आकडीसुद्धा मला तेव्हा दिसली. बाभळीची उंच फांदी ओढून खाली आणायची आणि मेंढरांच्या तोंडाशी द्यायची ती आकडी! पॅलेस्टाईनच्या मेंढपाळाच्या हातातली आकडी अगदी अशीच होती असं मी म्हणत नाही. पण मला धीर कशानं येतो ते त्या दिवशी कळलं. परमेश्वर माझा कुरुब आहे. तो चित्रातून उतरून आमच्या शिवारात आला. घरी जाताना रस्त्यात मी रडले, आणि आई गेल्यानंतर पहिल्यांदाच ते रडणं प्रार्थनेसारखं होतं.

म्हणून माझी पहिली विनंती ही की जे स्तोत्र तुम्हाला अगदी पाठ आहे ते दुसऱ्या भाषेत एकदा ऐका. सीमाभागात राहण्याचं दुखणं आपण सगळेच बोलतो. पण शास्त्र दोन भाषांत कानावर पडणं हे आपल्याला फुकट मिळालेलं धन आहे. कानडी येत नसेल तर शेजाऱ्याकडून म्हणवून घ्या. मराठीतल्या मराठीतही वेगळं भाषांतर घेऊन बघा. पंडिता रमाबाईंनी केडगावला हिब्रू आणि ग्रीक अभ्यासून सगळं बायबल सोप्या मराठीत आणलं, कमी शिकलेल्या बायकांनाही कळावं म्हणून. १९२२ साली त्या गेल्या, तोवर त्यांचे हात त्याच कामात होते. शब्द माणसाच्या तोंडात बसावा म्हणून एवढं आयुष्य घालणारी बाई आपल्या भाषेत होऊन गेली, हे मला फार मोठं वाटतं.

आता तुमच्या प्रश्नातल्या 'नवजीवन' या शब्दाकडे येते, कारण माझी सगळ्यात मोठी चूक तिथे होती. नवजीवन म्हणजे अंगात नवा जोर येणं, संजीवन सभेत शेवटच्या रात्री वाटतं तसं भरून येणं, असं मी धरून चालले होते. तेविसाव्या स्तोत्रात "तो माझा जीव ताजातवाना करतो" असं आहे आणि एकोणिसाव्यात परमेश्वराचं नियमशास्त्र जिवाचं पुनरुज्जीवन करतं असं आहे. मराठीत दोन वेगळे शब्द दिसतात, पण हिब्रूत दोन्हीकडे एकाच धातूचं रूप आहे, आणि त्याचा अर्थ परत फिरवणं, माघारी आणणं. आपल्या मराठीत यासाठी किती नेमकं क्रियापद आहे बघा: वळणे. गुरं वळणे, मेंढरं वळणे. भलतीकडे निघालेलं जनावर हाक मारून, काठी आडवी धरून वळवून आणायचं. शास्त्र जीव वळतं. एकशे एकोणिसावं स्तोत्र १७६ वचनांचं आहे, सगळंच्या सगळं देवाच्या वचनाच्या गोडीबद्दल. आणि त्याचं शेवटचं वचन काय म्हणतं? मी हरवलेल्या मेंढरासारखा भटकलो आहे, तू आपल्या दासाला शोध. एवढं वाचणाऱ्या, एवढं पाठ असणाऱ्या माणसाची ही शेवटची ओळ!

तेव्हा तुम्हाला काही वाटत नाही याचा अर्थ काही घडत नाही असा लावू नका. वळवलेल्या मेंढराला कुठे वेगळं काही वाटतं? ते हाक ऐकतं आणि तोंड फिरवतं. तुमच्या दोन वर्षांत एखाद्या दिवशी वाचनानंतर तुम्ही कुणाला टाकून बोलणार होता आणि थांबलात, असं झालं असेल. ते मोजा. माझं पाहाल तर एका भावजयीशी तीन वर्षं बोलणं बंद होतं. अज्जींना मत्तयाचा पाचवा अध्याय वाचून दाखवताना, वेदीपाशी अर्पण ठेवून आधी भावाशी समेट कर, त्या वचनाशी आले. अज्जी नेहमीप्रमाणे म्हणाल्या, "परत म्हण." मला परत म्हणवेना. दुसऱ्या दिवशी खानापूरची बस धरली. त्या प्रवासात मन भरून वगैरे काही आलं नव्हतं, उलट पोटात गोळा होता. पण माझ्या नवजीवनाची तारीख कुणी विचारलीच तर मी ती बस सांगेन.

तक्त्याबद्दल थोडं. आपल्या बायबलात ११८९ अध्याय आहेत, वर्षात संपवायचे तर दिवसाला तीनाहून थोडे जास्त होतात. एकदा आयुष्यात असं वाचावंच, नाहीतर आपण आवडीच्या चार ओळींवरच जगत राहतो. पण तुमचं ते झालंय. आता तक्ता बाजूला ठेवायला मुळीच भिऊ नका, त्यात देवाचा काही अपमान नाही. एकशे एकोणिसावं स्तोत्रच घ्या. त्याचे आठ आठ वचनांचे २२ भाग आहेत, हिब्रू वर्णमालेच्या एकेका अक्षराचा एक. काही प्रतींत आलेफ, बेथ अशी नावं छापलेली दिसतील. दिवसाला एक भाग, मोठ्यानं, दोनदा. ज्या ओळीला मन अडखळेल तिथे थांबायचं आणि कामावर जाताना तीच तोंडात ठेवायची. बस्स.

आणि अडखळणं गोडच असेल असं नाही. राग आला, हे खोटं वाटतंय असं वाटलं, तर तेही देवापुढे तसंच म्हणा. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र अंधारातच संपतं, शेवटी उजेडाची एकही ओळ नाही. तरी ते शास्त्रात आहे, आणि ती प्रार्थनाच आहे. आपल्या बेळगावात १८३१ साली जन्मलेल्या बाबा पदमनजींनी, म्हणजे त्या जुन्या मराठी ख्रिस्ती लेखकांनी, किती वर्षं घालमेलीत शास्त्र वाचलं, मग १८५४ साली इथेच बाप्तिस्मा घेतला. शंकेसकट वाचणाऱ्यांची ही आपली जुनी वाट आहे.

एक काळजी मात्र बोलून दाखवते. तुम्ही लिहिलंय की झोप नीट लागत नाही आणि कशातच मन लागत नाही. एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली बसून "आता पुरे, माझा प्राण घे" म्हणाला, तेव्हा देवदूतानं त्याला उपदेश केला नाही. झोपू दिलं, उठवून भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा खाऊ घातलं. होरेब डोंगरावर देवाची मंद वाणी त्याला ऐकू आली, ती चाळीस दिवसांनंतरची. तेव्हा कृपा करून डॉक्टरांना भेटा, जेवणाच्या वेळा पाळा. औषध घेणं म्हणजे विश्वास कमी पडणं, असं कुणी म्हणालं तर त्याला पहिल्या राजेचा एकोणिसावा अध्याय वाचायला द्या.

पहिल्या स्तोत्रातलं पाण्याजवळचं झाड आपल्या हंगामी फळ देतं, यातला 'हंगामी' हा शब्द मला खानापूरच्या आमच्या काजूच्या झाडांनी शिकवला. मिरगाला काजू शोधायला कुणी झाडाखाली जात नाही. पण मुळं तेव्हाच पाणी पीत असतात.

आणि शेवटची गोष्ट, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. एकटे वाचू नका. निपाणीत तुमच्या मंडळीत डोळे अधू झालेलं, किंवा कधी शाळेतच न गेलेलं कुणीतरी म्हातारं माणूस असणारच. तुमच्या पाळकांना विचारा. आठवड्यातून एक संध्याकाळ त्यांच्याकडे जाऊन आठ वचनं वाचून दाखवा, आणि ते "थांब" म्हणतील तिथे थांबा. आमच्या अज्जी दोन वर्षांपूर्वी गेल्या. शेवटच्या आठवड्यात त्यांना बोलवत नव्हतं, तरी मी तेविसावं म्हणायला लागले की त्यांचे ओठ हलायचे. मी मराठीत म्हणत होते, त्यांचे ओठ कानडीत हलत होते, आणि 'कुरुबनु' कुठे आलं ते मला दिसत होतं.